नामदेवांची पायरी आणि आपले माप

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



 मी विद्वान वक्ता नव्हे. जुनी अकरावी, म्हणजे मॅट्रिक, होऊन शिक्षकाची पदविका घेतली आणि सदतीस वर्षे प्राथमिक शाळेत बाराखडी व पाढे शिकविले, एवढीच माझी पुंजी. तेव्हा माझ्या बोलण्यात ग्रंथांतील दाखले थोडे आणि घरातले व शाळेतले अनुभवच अधिक येतील. विषय मात्र मी जाणूनबुजून जरा कडू निवडला आहे, तो म्हणजे सामाजिक समता. औषध समजून तो आपण घ्यावा, एवढीच विनंती.

आपल्या ज्ञातीत पंढरपूरला न गेलेले कुटुंब क्वचितच आढळेल. महाद्वाराच्या पायरीपाशी आपण सारे नतमस्तक होतो, कारण ती नामदेवांची पायरी. संतांची पायधूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवरायांनी इ. स. १३५० मध्ये तेथे समाधी घेतली, अशी परंपरा आहे. त्याच महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्यास भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा नामदेव स्वतः तेथे गेले, त्यांनी चोखोबांच्या अस्थी वेचून पंढरीस आणल्या आणि महाद्वारापाशी त्यांची समाधी बांधविली, असे वारकरी संप्रदाय सांगतो. ज्याला जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिले नाही, त्याच्या अस्थी आपल्या ज्ञातीच्या या महापुरुषाने स्वतःच्या हातांनी उचलल्या!

आणि पुढे काय झाले? चोखोबांच्या भाऊबंदांना ते महाद्वार ओलांडण्यासाठी १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना त्या वर्षी १ मेपासून १० मेपर्यंत पंढरपुरात प्राणांतिक उपोषण करावे लागले. मधल्या सहाशे वर्षांत आपण नामदेवांचे अभंग गात होतोच. मग त्यांनी उचललेल्या त्या अस्थींचा अर्थ आपल्याला का उमगला नाही? हा प्रश्न मी प्रथम स्वतःलाच विचारतो.

अवहेलना म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक नाही, असेही नाही. औंढा नागनाथाच्या देवळातून खुद्द नामदेवांना कीर्तन करताना उठवून लावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी सातवीत असताना गणितात चुकलो, तेव्हा एक गुरुजी भर वर्गात म्हणाले, “शिंप्याच्या पोराला गणित कशाला? गज मोजता आला म्हणजे झाले.” सारा वर्ग हसला. आज अर्धशतक लोटले, तरी ते हसू माझ्या कानांतून गेलेले नाही. पण बंधूंनो, स्वतःला लागलेली ठेच माणूस जन्मभर स्मरतो आणि आपल्या पायाखाली कोण चिरडले जाते हे त्याला दिसतही नाही. याची साक्ष माझ्याच घरात आहे.

माझे वडील ओट्यावर शिवणयंत्र मांडून बसत. मी सहा-सात वर्षांचा असेन, म्हणजे १९६५ सालची गोष्ट. अस्पृश्यतेला गुन्हा ठरविणारा कायदा होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती. तरीही गावकुसाबाहेरील वस्तीतला माणूस सदरा शिवावयास आला, म्हणजे तो ओट्याखाली अंगणात उभा राही. वडील त्याच्याकडे टेप टाकीत. तो बिचारा आपल्याच हाताने ती खांद्याला, छातीला लावी आणि वडील वरून वाकून आकडा वाचीत. वडील दुष्ट नव्हते. उरलेल्या कापडाची टोपडी शिवून ते त्याच्या पोरांना फुकट देत. पण स्वतःच्या अंगाचे माप स्वतः घेता येते का? ते चुकायचेच. सदरा खांद्यात तरी घोळदार होई, नाहीतर काखेत काचे. आणि तो घालून ती माणसे बाजारात आली, म्हणजे आमच्या ओट्यावरचीच मंडळी म्हणत, “यांना कपडा घालण्याची रीतच नाही!”

ज्ञातिबंधूंनो, मला जे सांगावयाचे आहे ते सारे या सदऱ्यात आले. स्पर्श न करता घेतलेले माप चुकते. ते घेणाऱ्याची चूक असते आणि दोष मात्र घालणाऱ्याच्या माथी बसतो. शाळेत ज्याला मागे बसविले, ज्याच्या पाटीला हात लावला नाही, तो मागे पडला म्हणजे आपण म्हणतो, “त्यांच्यात गुणवत्ताच नाही.”

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी आपल्या शालेय जीवनाची आठवण स्वतः लिहून ठेवली आहे. बसावयास गोणपाट घरून न्यावे लागे आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव दाखल झाले. तो दिवस आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. हा इतिहास मी वर्गात मोठ्या तळमळीने शिकवीत असे. आणि माझ्याच वर्गाच्या कोपऱ्यात काय चालले होते?

१९८१ साल. माझी नोकरी नवी, गाव परके. वर्गात पाण्याचा माठ होता. मुले आपापले फुलपात्र बुडवून पाणी घेत. एक मुलगी मात्र ओंजळ करून उभी राही आणि दुसरे कोणी तरी वरून पाणी ओती. मी ते पाहिले आणि सहामाही परीक्षा होईपर्यंत काहीही बोललो नाही. पुढे तिने माठाकडे जाणेच सोडले. मी विचारले, तर म्हणाली, “गुरुजी, मी घरूनच पिऊन येते.” सकाळी अकरापासून संध्याकाळी पाचपर्यंत नऊ वर्षांचे ते लेकरू तहानलेले बसे!

तेव्हा मी नियम केला, की माठ भरण्याचे आणि पाणी देण्याचे काम हजेरीपटाच्या क्रमाने प्रत्येकाकडे येईल. तिचा क्रमांक आला त्या दिवशी निम्म्या वर्गाने पाणी घेतले नाही. दुपारी चार पालक आले. त्यांत एक आपल्या ज्ञातीचे होते. मी त्यांच्यासमोर तिच्या हातचे पाणी प्यालो. पंधरा दिवसांत सारी मुले पिऊ लागली.

येथे टाळ्या वाजवू नका. पुढचे ऐका. त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि आईला यातले एक अक्षरही सांगितले नाही. ती जाईपर्यंत सांगितले नाही. शाळेत मी समता शिकवीत होतो आणि उंबऱ्याच्या आत पूर्वीचाच होतो. आज प्रथमच हे मी आपल्यासमोर बोलून दाखवीत आहे.

आता कोणी म्हणेल, हे सारे जुने झाले. खरोखर झाले काय? शहरात घर भाड्याने देताना आपण आडनाव का विचारतो? घरकाम करणाऱ्या बाईचा चहाचा कप मोरीच्या फळीवर निराळा का राहतो? बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्यान्वये खासगी शाळांतही प्रवेशाच्या पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील बालकांसाठी ठेवाव्या लागतात. माझ्या नातवाच्या वाढदिवसाला कोणाकोणाला बोलवावयाचे, याची यादी चालली असता तो सहज म्हणाला, “ती फुकटातली मुले नकोत.” हे त्याला कोणत्या पाठ्यपुस्तकाने शिकविले? आमच्याच दिवाणखान्यातील बोलण्याने शिकविले. इतर मागासवर्गाच्या यादीत आपल्या ज्ञातीचे नाव आहे. त्या सवलतीवर आपली मुले शिकली, नोकरीस लागली, हे योग्यच झाले. पण तीच मंडळी दुसऱ्याच्या सवलतीची कुचेष्टा करू लागली, म्हणजे मला तो ओट्यावरचा संवाद आठवतो.

मग ज्ञातिसंस्था असावीच का, असाही प्रश्न निघतो. माझ्या मते असावी. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करविली. त्यांत नामदेवांच्या नावाचेही होते. ज्यांना कोणी थारा देत नव्हते त्यांना त्यामुळे छप्पर मिळाले. परंतु त्याच कोल्हापुरात अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास जैन वसतिगृहातला एक विद्यार्थी गेला. परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्याने नकार दिला आणि त्याला वसतिगृह सोडावे लागले. ते विद्यार्थी म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे साताऱ्यास असे वसतिगृह चालविले, की तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करून एका पंगतीत जेवत. वसतिगृहाने त्यांना बाहेर काढले. त्यांनी मात्र सर्वांसाठी दार उघडले. आपल्याला यांपैकी कोणाचा कित्ता गिरवावयाचा आहे?

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, आपल्या संस्थेच्या वसतिगृहातील दोन जागा अन्य समाजांतील, विशेषतः अनुसूचित जाती व भटक्या जमातींतील, गरजू मुलांसाठी दरवर्षी राखाव्यात. आणि त्या मुलांचे ताट, खोली व पंगत इतरांहून वेगळी नसावी. दुसरी, गुणगौरव समारंभात एक पारितोषिक ज्ञातीबाहेरील विद्यार्थ्यास द्यावे. तिसरी सूचना संस्थेसाठी नाही, ती प्रत्येक घरासाठी आहे. मोरीच्या फळीवरचा तो निराळा कप आजच घरातल्या इतर कपांत ठेवावा.

पहिली सूचना मी गतवर्षीही मांडली होती. देणगीदारांनी पैसा ज्ञातीसाठी दिला आहे, या कारणास्तव ती विचारार्थ ठेवण्यात आली. आक्षेप खोटा नाही. यास्तव त्यांतील एका जागेचा वार्षिक खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून देण्याचे मी येथे जाहीर करतो. दुसऱ्या जागेसाठी कोणी पुढे यावे, ही प्रार्थना.

नामदेवरायांनी पायरी मागितली ती सर्वांचे पाय लागावेत म्हणून. त्या पायरीला कोणाचाही विटाळ झाला नाही. आपली संस्थाही तशीच पायरी व्हावी, आणि यापुढे आपण माणसाचे माप त्याच्या जवळ जाऊन, त्याच्या खांद्याला हात लावून घ्यावे, एवढीच माझी इच्छा आहे.