सार्वजनिक उद्योगांतील ज्ञानाची मालकी



पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ह्या सरकारी कारखान्यात १९५५ साली पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांच्या साहाय्याने उभा राहिलेला हा कारखाना परक्या तंत्रावर थांबला नाही. डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी ह्यांनी तेथे हमायसिन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक शोधून काढले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना’. विज्ञानाने गावाचे नाव राखले. हिशेबाने त्या ज्ञानाची किंमत राखली नाही.

ह्याचे कारण लेखापद्धतीत आहे. यंत्र खरेदी केले की ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसते. संशोधनावरील पैसा मात्र त्या वर्षाचा खर्च म्हणून लिहून टाकला जातो. प्रयोगवह्या, वर्षानुवर्षे जोपासलेले सूक्ष्मजीवांचे वाण, किण्वनाच्या टाकीवरील कामगारांची हातोटी ह्यांची नोंद शून्य! डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ह्या कारखान्याची अतिरिक्त जमीन विकून देणी फेडण्याचा व नंतर कारखानाच विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. जमिनीला भाव असतो. वहीत शून्य असलेली वस्तू विक्रीत फुकट जाण्याचा धोका असतो, आणि कामगार चळवळीनेही ह्याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही.

समाजवाद्यांना पेटंटाचा तिटकारा आहे व तो सकारण आहे. १९७० च्या कायद्याने औषधांवरील वस्तु-पेटंट नाकारले, म्हणून देशात स्वस्त औषधांचा उद्योग वाढला. २००५ च्या दुरुस्तीने ते पेटंट परत आले. संशोधन प्रसिद्ध केले तर निदान दुसऱ्याला त्यावर हक्क सांगणे कठीण जाते. परंतु ना प्रसिद्धी ना नोंदणी, अशी अनेक सरकारी खात्यांची रीत आहे. तिला त्याग म्हणणे भाबडेपणाचे होईल.

कोव्हॅक्सिनचे उदाहरण ताजे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने वेगळा केलेला विषाणू खाजगी कंपनीला मिळाला. वैद्यकीय संशोधन परिषदेला निव्वळ विक्रीवर ५ टक्के स्वामित्वशुल्क ठरले. तरीही पेटंटाच्या अर्जात परिषदेचे नाव नव्हते. ते अनवधानाने राहिले, असे सांगून जून २०२४ मध्ये कंपनीने ते घालण्याची प्रक्रिया सुरू केली. ह्याच लशीच्या उत्पादनाची परवानगी राज्य सरकारच्या मालकीच्या हाफकिन महामंडळाला एप्रिल २०२१ मध्ये मिळाली, तीही तंत्रज्ञान हस्तांतराच्या मार्गाने. ज्या ज्ञानात सरकारचा वाटा होता, त्यासाठी सरकारी कारखान्याला खाजगी दारी जावे लागले.

तेव्हा मागणी नेमकी हवी. सरकारी पैसा लागलेल्या संशोधनात सहमालकी पहिल्याच करारात लिहिली जावी. असे करार विधिमंडळापुढे ठेवले जावेत. सरकारी कारखान्यांना ते तंत्र विनामूल्य मिळावे आणि शोध लावणाऱ्या कर्मचाऱ्याला स्वामित्वशुल्कात वाटा असावा. विक्रीस निघालेल्या प्रत्येक सार्वजनिक उद्योगातील ज्ञानाची यादी, तेथील शास्त्रज्ञ व कामगार ह्यांच्या सहभागाने, निविदा निघण्यापूर्वी तयार व्हावी. पिंपरीच्या युनियनने हे काम आता हाती घ्यावे.