मुकादम आणि गाडीवान

अमेरिकेंतील व्हर्माँट प्रांतांत कॅव्हेंडिश गांवाजवळ १८४८ सालीं लोहमार्गाचें काम चाललें होतें. खडक फोडणाऱ्या टोळीचा मुकादम फिनिअस गेज हा पंचवीस वर्षांचा तरुण होता. १३ सप्टेंबर रोजीं खडकाच्या भोकांत सुरुंगाची दारू पहारीनें ठासली जात असतां एकाएकीं स्फोट झाला, आणि ३ फूट ७ इंच लांबीची, सव्वातेरा पौंड वजनाची ती पहार गेजच्या डाव्या गालांतून शिरून माथ्यांतून बाहेर पडली. कांहीं मिनिटांतच तो बोलूं लागला व बैलगाडींत बसून मुक्कामावर गेला! डॉक्टर जॉन हार्लो यांच्या उपचारांनीं तो वांचला; डाव्या डोळ्याची दृष्टि मात्र गेली.

अंगांत बळ येतांच गेज आपलें जुनें काम मागावयास गेला. अपघातापूर्वीं ज्यांनीं त्याच्या कर्तबगारीची वाखाणणी केली होती, त्याच कंत्राटदारांनीं त्याला मुकादमी परत दिली नाहीं. हात-पाय धड होते, वाणी स्पष्ट होती; पालटला होता तो स्वभाव. तो लहरी व शिवराळ झाला. नवे नवे बेत करावे आणि एकहि तडीस नेऊं नये, असें चालूं लागलें. हा पूर्वींचा गेजच नव्हे, असें त्याचे स्नेही म्हणूं लागले.

त्याची कथा सांगणारे बहुधा येथेंच थांबतात. परंतु त्यानंतर तो अकरा वर्षांहून अधिक काळ जगला, आणि त्यांतील बराच काळ त्यानें कष्ट करून घालविला. हॅनोव्हर येथील एका तबेल्यांत सुमारें दीड वर्ष काढल्यावर १८५२ सालीं तो दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत गेला. तेथें जवळजवळ सात वर्षें त्यानें घोड्यांची निगा राखली व टपालगाडी हांकली. कित्येकदां त्या जड गाडीला सहा घोडे जुंपलेले असत. ज्याच्या हातीं चार मजूर सोंपवावयास कोणी धजत नव्हतें, त्याच्या हातीं उतारूंचे प्राण सोंपविले गेले!

हें कसें घडलें? मेंदूचा पुढचा भाग बेत आंखतो व मनाला आवर घालतो. गेजला इजा झाली ती तेथेंच. गाडीवानाच्या कामांत वेळ ठरलेली, रस्ता ठरलेला. मनाला जो क्रम लावतां येईना, तो कामानेंच लावून दिला व हळूहळू त्याचें वर्तन सावरलें, असा अलीकडील अभ्यासकांचा तर्क आहे.

आजहि जखम भरून रुग्ण घरीं आला, कीं तो पूर्ववत् झाला असें सर्वांस वाटतें. मग तो लौकर थकला, विसरला किंवा चिडला, तर त्याला आळशी अथवा उर्मट ठरविण्यांत येतें. वस्तुतः ती न दिसणारी दुखापत असते. अशा मनुष्यानें वैद्यकीय सल्ल्यानें, आरंभीं थोडे तासच कामावर जावें. त्याच्याकडे एका वेळीं एकच काम असावें, टिपणासाठीं वही जवळ असावी आणि मध्यें विसांवा मिळावा. पूर्वींचेंच पद सर्वांना झेपेल असें नाहीं. म्हणून दुसरें कांहींच झेपणार नाहीं असें मात्र मालकानें व घरच्यांनीं ठरवूं नये.

१८५९ सालीं प्रकृति ढांसळल्यामुळें गेज सॅन फ्रान्सिस्को येथें आपल्या आईकडे आला. बरें वाटतांच त्यानें पुन्हां शेतावर काम धरलें. पुढें झटके येऊं लागले व २१ मे १८६० रोजीं त्याचा अंत झाला. मुकादमी त्याला परत मिळाली नाहीं. परंतु स्वतःच्या कष्टाची भाकर त्यानें पुन्हां मिळविली होती.