सर्बियन आणि बेलारूसी : दोन भाषाभगिनी

सर्बियाच्या राजधानीचे 'बेलग्रेड' हे नाव आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आले. सर्बियन माणूस मात्र आपल्या राजधानीला 'बेओग्राद' म्हणतो. ग्राद म्हणजे नगर आणि बेओ म्हणजे पांढरे. या पांढऱ्या नगराच्या ईशान्येस, हजार किलोमीटरांहून अधिक अंतरावर, पोलंड आणि रशिया यांच्या मध्ये बेलारूस हा देश आहे. त्याच्या नावातील 'बेला' याचाही अर्थ पांढरी असाच होतो. मूळ शब्द एकच. एकीकडे त्यातला 'ल' टिकला, दुसरीकडे त्याचा 'ओ' झाला.

दोन्ही भाषा स्लाव कुळातल्या. सर्बियन ही दक्षिणेकडील शाखेची, बेलारूसी पूर्वेकडील शाखेची. सहाव्या-सातव्या शतकांत स्लाव टोळ्या बाल्कन प्रदेशात उतरल्या आणि पुढे हंगेरियन व रूमानियन भाषांची भिंत मध्ये उभी राहिली. दूरदेशी दिलेल्या बहिणींप्रमाणे दोघींच्या रीतीभाती वेगळ्या झाल्या; पण चेहऱ्यावरची ठेवण पुरती पुसली गेली नाही.

त्या 'ल'चीच गोष्ट पाहावी. 'तिने वाचले' या अर्थी दोन्ही भाषांत 'चिताला' असे रूप येते. परंतु वाचणारा पुरुष असला की शब्दाच्या शेवटी येणारा 'ल' दोघींनाही पेलवत नाही. सर्बियन त्याचा 'ओ' करून 'चिताओ' म्हणते; बेलारूसी त्याचा ओझरता 'उ' करून 'चिताउ' म्हणते. लांडग्याला सर्बियनमध्ये 'वूक' आणि बेलारूसीत 'वोउक' म्हणतात, तेही अशाच एका लोपलेल्या 'ल'मुळे. हा ओझरता 'उ' लिहिण्यासाठी बेलारूसी लिपीत स्वतंत्र अक्षर आहे आणि त्याच्या माथ्यावर आपल्या 'ऑ'वर असतो तसा चंद्र काढतात.

नगराला सर्बियन 'ग्राद' म्हणते, तर बेलारूसी 'होराद'. दुधाला एक 'म्लेको' म्हणते, दुसरी 'मालाको'. डोक्याला एकीत 'ग्लावा', दुसरीत 'हालावा'. जोडाक्षराच्या मध्ये स्वर शिरला आहे, धर्माचा 'धरम' व्हावा तसा. इतिहास वेगळा असला तरी कानाला परिणाम तोच. 'मालाको'तील पहिल्या 'आ'चे मूळ मात्र निराळे आहे. आघात नसलेला 'ओ' बेलारूसी माणूस 'आ' असा उच्चारतो, आणि जसा उच्चारतो तसाच लिहितो. रशियन माणूसही तो जवळजवळ तसाच उच्चारतो, पण लिहिताना 'ओ' लिहितो.

व्याकरणात सर्बियन अधिक जुन्या वळणाची. तिला सात विभक्त्या आहेत आणि संबोधन अगदी जिवंत आहे. इवानला हाक मारायची तर 'इवाने!' असेच म्हटले पाहिजे, जसे आपण रामाला 'रामा!' म्हणतो. बेलारूसीत संबोधनाचे थोडे अवशेष उरले आहेत. 'मी शिक्षक आहे' यातील 'आहे' सर्बियनला लागते. बेलारूसीचे 'मी शिक्षक' एवढ्यावर भागते.

खरी गंमत आहे ती सारख्या दिसणाऱ्या शब्दांची. सर्बियनमध्ये 'स्लोवो' म्हणजे अक्षर; बेलारूसीत 'स्लोवा' म्हणजे शब्द. सर्बियनमध्ये 'रेच' म्हणजे शब्द; बेलारूसीत 'रेच' म्हणजे वस्तू. सर्बियनमधून बेलारूसीत जाताना अक्षराचा शब्द होतो आणि शब्दाची वस्तू होते! आपल्याला याचे फार नवल वाटू नये. 'पदार्थ' हा शब्द आपण पदाच्या अर्थावरूनच वस्तूला लावला आहे. 'जिवोत' या शब्दाशी मात्र जपून वागावे. सर्बियनमध्ये त्याचा अर्थ जीवन, बेलारूसीत पोट. रविवारच्या नावात मात्र 'काम नसलेला दिवस' हा मूळ अर्थ दोघींनी जपला आहे : एकीचा 'नेदेल्या', दुसरीचा 'न्याद्झेल्या'.

या दोन भाषांना जवळ आणणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे कानावर विसंबून लिहिण्याचा आग्रह, आणि त्या आग्रहाचे फळ दोघींना फार वेगळे मिळाले. सर्बियनचा सुधारक वूक कराजिच हा १७८७ साली शेतकऱ्याच्या घरी जन्मला. आधीची भावंडे जगली नव्हती. लांडग्याच्या वाटेला चेटकिणी जात नाहीत या समजुतीने आईबापांनी त्याचे नाव 'वूक', म्हणजे लांडगा, ठेवले. आपल्याकडचे दगडू आणि धोंडू असेच जन्माला येतात. त्या काळी शिकलेले सर्ब चर्चच्या जुन्या स्लाव भाषेची आणि लोकभाषेची सरमिसळ करून लिहीत. वूकने शेतकऱ्यांची बोली उचलली आणि १८१८ साली व्हिएन्नात आपला शब्दकोश छापला. एका ध्वनीला एक अक्षर, अशी तीस अक्षरे त्याने ठरवली. 'य'च्या ध्वनीसाठी त्याने रोमन लिपीतले अक्षर घेतले, तेव्हा ऑर्थोडॉक्स धर्मगुरूंना त्यात कॅथलिक पंथाचा शिरकाव दिसला. एका अक्षरापायी माणसावर धर्मद्रोहाचा वहीम यावा, हे आज हास्यास्पद वाटते. वूकला ते पुष्कळ जड गेले. १८४७ साली त्याने केलेले नव्या कराराचे भाषांतर आणि त्याचा शिष्य जुरो दानिचिच याचे शुद्धलेखनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले, आणि पारडे फिरले. वूक १८६४ मध्ये वारला. चार वर्षांनी, १८६८ मध्ये, सर्बियाने त्याची लेखनपद्धती अधिकृत केली.

वूकच्या कोशानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९१८ साली, ब्रानिस्लाव ताराश्केविच या तरुणाने विल्नो येथे बेलारूसी शाळांसाठी व्याकरण छापले. तोपर्यंत या भाषेला स्थिर लेखनपद्धती नव्हती. १९०६ साली निघालेले 'नाशा निवा' हे साप्ताहिक काही वर्षे सिरिलिक आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत निघत असे; सिरिलिक ऑर्थोडॉक्स वाचकांसाठी, रोमन कॅथलिकांसाठी. गोव्यातील वाचकांना याचे अधिक स्पष्टीकरण नको. ताराश्केविचनेही कानालाच प्रमाण मानले. बर्फाला बेलारूसीत 'स्न्येह' म्हणतात आणि त्यातील 'स'ही मृदू उच्चारतात. म्हणून ती मृदुता दाखवणारे चिन्ह लिहावे, असा त्याचा नियम. १९३३ साली सोव्हिएत सरकारच्या आदेशाने हे चिन्ह अशा जागांवरून काढून टाकण्यात आले आणि लेखन रशियनच्या जवळ नेले गेले. योगायोग असा की पोलंडच्या तुरुंगात असलेला ताराश्केविच त्याच वर्षी कैद्यांच्या अदलाबदलीत सोव्हिएत देशात आला. १९३७ मध्ये त्याला अटक झाली आणि १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली. त्याची लेखनपद्धती परदेशांत गेलेल्या बेलारूसींनी जपली, आणि एका लहानशा भाषेला दोन शुद्धलेखने झाली. २०१० पासून तर सरकारी नियमांना कायद्याचेच बळ मिळाले आहे.

सर्बियनचे दुखणे निराळे. २००६ च्या राज्यघटनेने सिरिलिक ही अधिकृत लिपी ठरवली, तरी दुकानांच्या पाट्यांवर आणि वर्तमानपत्रांत रोमन लिपी सर्रास दिसते. पण लिपी कोणतीही असो, सर्बियामध्ये घराघरांत भाषा सर्बियनच बोलली जाते. बेलारूसमध्ये १९९० साली बेलारूसी ही एकमेव राज्यभाषा झाली होती. १९९५ च्या सार्वमताने रशियनला तिच्या बरोबरीचे स्थान दिले. २०१९ च्या जनगणनेत निम्म्याहून थोड्या अधिक लोकांनी बेलारूसी ही आपली मातृभाषा म्हणून नोंदवली; घरी ती बोलणारे मात्र सुमारे एक चतुर्थांशच निघाले. आपली म्हणून नोंदवलेली भाषा मुलाशी बोलायची नाही, हा प्रकार कोणत्याही शुद्धलेखनाच्या वादाहून गंभीर आहे.

बेलारूसमधील पोलात्स्क हे शहर फ्रान्सिस्क स्कारीना याचे जन्मस्थान. त्याने १५१७ साली प्रागमध्ये स्तोत्रसंहिता छापली आणि पूर्व स्लावांमध्ये छापील पुस्तकाचा आरंभ केला. त्याच पोलात्स्कमध्ये २००३ साली एका अक्षराचे स्मारक उभारण्यात आले. ते अक्षर म्हणजे माथ्यावर चंद्र असलेला ओझरता 'उ', जो 'वोउक'मध्ये येतो आणि 'चिताउ'मध्ये येतो.