थंड समुद्रातील उबदार भोवरे



‘भोवरा’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ सुखाने नांदतात. एक, जाळी गुंडाळून अंगणात फिरवायचा लाकडी भोवरा; दुसरा, नदीच्या डोहातला, ज्याच्यापासून पोहणाऱ्याला सावध केले जाते तो. महासागरातील भोवरा या दोहोंहून वेगळा. तो काही दहा किलोमीटरांपासून शंभर-दोनशे किलोमीटरांपर्यंत रुंद असतो, आठवडेच्या आठवडे फिरत राहतो, आणि त्यावरून जाणाऱ्या जहाजातील प्रवाशाला त्याची जाणीवही होत नाही. तो कोणाला बुडवत नाही. तो ऊब आणि मीठ वाहून नेतो.

नॉर्वेजवळचा समुद्र हे याचे ठळक उदाहरण होय. लोफोटेन बेटे सुमारे ६८ अंश उत्तर अक्षवृत्तावर, आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे आहेत. तरीही तेथील खुला समुद्र हिवाळ्यात गोठत नाही. अटलांटिकमधून आलेला उबदार, खारट प्रवाह खंडान्त उताराच्या कडेने उत्तरेकडे जातो. लोफोटेनपाशी हा उतार तीव्र होतो, प्रवाहाला वळणे पडतात, वळणांचे फुगवटे वाढतात आणि तुटून त्यांचे स्वतंत्र भोवरे बनतात. हे भोवरे पश्चिमेकडील खोल खोऱ्यात शिरतात. गाभ्याभोवती पाणी गोल फिरत असल्यामुळे आतले पाणी बाहेरच्या पाण्यात सहजी मिसळत नाही. खोऱ्याच्या मध्यभागी तर एक भोवरा जवळजवळ कायमचा वस्तीला आहे. नवे भोवरे त्यात विलीन होऊन त्याला बळ देतात.

प्रवाह सरळ निघून गेला असता, तर त्याची बरीच ऊब तशीच पुढे गेली असती. भोवरे त्याचे पाणी खोऱ्यात थोपवून धरतात, आणि त्या मुक्कामात ते पाणी आपली ऊब हिवाळी वाऱ्यांच्या स्वाधीन करते. ही देणगी लहान नाही: तापमान एक अंशाने उतरताना एक घनमीटर समुद्रजल जेवढी उष्णता देते, तेवढी तितक्याच हवेच्या ३००० पटींहून अधिक असते. ऊब जाते, मीठ मात्र राहते. खारट पाणी थंड झाले की जड होते व खोल उतरते. असे जड पाणी ग्रीनलंड आणि स्कॉटलंड यांच्यामधील सागरी उंचवटे ओलांडून अटलांटिकच्या खोल भागात उतरते, आणि जगाच्या महासागरांचे अभिसरण चालू राहण्यास हातभार लावते.

हे ज्ञान सावकाश जमा झाले. फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाजातून आर्क्टिकचा प्रवास केला, तेव्हा बर्फाखालच्या थंड थराच्याही खाली त्यांना अटलांटिकचे उबदार पाणी आढळले. पुढे १९९० च्या दशकापासून उपग्रह समुद्रपृष्ठाची उंची काही सेंटिमीटरांच्या अचूकतेने मोजू लागले, आणि भोवरे किंचित उंचवटे व खळगे यांच्या रूपाने नकाशावर उमटले.

आज या अभ्यासाला निकड आहे. उबदार पाणी आणि बर्फ यांच्यामध्ये थंड, कमी खारट पाण्याचा थर असतो. हा थर विरळ झाला, तर खालची ऊब थेट बर्फाला भिडते. म्हणूनच स्वालबार्डमध्ये भारताने २००८ साली ‘हिमाद्री’ केंद्र उभारले, आणि २०१४ साली तेथील खाडीत ‘इंडआर्क’ ही वेधशाळा पाण्याखाली सोडली. गोव्यातील ध्रुवीय संशोधन संस्था या कामात अग्रभागी आहे. पाण्याचे तापमान आणि खारटपणा यांच्या नोंदी घेणे, हे ‘इंडआर्क’चे एक काम.

मूळ प्रवाहापासून सुटून परक्या, थंड समुद्रात गेलेले पाणी आपली ऊब वाटून टाकते आणि मीठ जपून ठेवते. त्या मिठामुळेच ते खोल जाऊ शकते. दूरदूर स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.