पोटातील पाण्याची परीक्षा

एखाद्या स्त्रीच्या पोटात पाणी साठले आणि त्याबरोबर बीजांडकोशाची गाठही आढळली, की कर्करोगावाचून दुसरी शंका घरच्यांच्या मनात येत नाही; परंतु आपल्याकडे क्षयरोगामुळेही असा जलोदर होतो, आणि १९३७ साली मीग्ज व कॅस या अमेरिकन वैद्यांनी वर्णिलेल्या प्रकारात तर निरुपद्रवी तंतुमय गाठ काढून टाकताच पोटातील व छातीतील पाणी आपोआप ओसरते.

म्हणूनच त्या पाण्यातील पेशींची परीक्षा महत्त्वाची. सुईने काढलेले पाणी यंत्रात गरगर फिरवून तळाशी बसलेला साका काचपट्टीवर पसरतात व पापानिकोलाऊ यांच्या पद्धतीने रंगवतात. शिवाय काही साका मेणात बसवून त्याचे पातळ छेद घेतले, म्हणजे पेशींचे मूळ ओळखण्यासाठी इन्हिबिनसारख्या द्रव्यांचाही तपास करता येतो.

तथापि दुर्मिळ गाठींच्या बाबतीत केवळ दृष्टी तीक्ष्ण असून भागत नाही. ग्रॅन्युलोसा पेशींच्या गाठीचेच पाहा. तिच्या पेशी लहान व एकसारख्या असतात, त्यांच्या केंद्रकावर कॉफीच्या बीवर असते तशी उभी खाच दिसते, आणि एकंदर रूप इतके सौम्य असते की उदराच्या अस्तरातून सुटलेल्या निरोगी पेशी समजून परीक्षक त्यांना सहज बाजूला सारील. त्यातच ही गाठ काढल्यानंतर दहा-वीस वर्षांनीही उलटते, आणि तोवर पहिल्या शस्त्रक्रियेची आठवण घरात पुसट झालेली असते. पाण्याच्या बाटलीसोबतच्या चिठ्ठीवर वय आणि ‘जलोदर’ एवढाच मजकूर असला, तर ती खाच नजरेतून निसटते. ‘पूर्वी बीजांडकोश काढला आहे’ ही एक ओळ असली, तर तीच खाच निदानाचा आधार ठरते.

पाण्यात दूषित पेशी सापडल्या नाहीत, म्हणून रोग नाहीच असा निर्वाळाही देता येत नाही. गाठीचा तुकडा, रक्तातील द्रव्ये आणि रुग्णाची हकीकत यांच्याशी ताडून पाहिल्यावरच निष्कर्ष पक्का होतो.

यास्तव माझी कळकळीची विनंती आहे, की घरातील कोणाही स्त्रीची बीजांडकोशाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर तिचे दवाखान्यातील कागद दप्तरी जपून ठेवावेत, आणि वीस वर्षे लोटली असली तरी ते प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे आवर्जून ठेवावेत.