गिझरची कॉइल धुवायला पंप कोणता घ्यावा?

(लोणंद इथं प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं. बोलण्यातली भाषा बरीचशी तशीच ठेवली आहे.)



मागच्या बैठकीत बचतीचा विषय संपला आणि गिझरचा निघाला, तो संपेचना. गॅस गिझर पेटत नाही, पेटला तर पाणी कोमट येतं, धार बारीक झालीय. मेकॅनिक येतो, दोन-चार ठोके मारतो, पाचशे-सातशे घेऊन जातो. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. म्हणून आज एवढ्याच विषयावर बोलायचं ठरलं. कॉइल घरच्या घरी कशी धुवायची, आणि त्यासाठी स्वस्तातला पंप कोणता घ्यायचा.

आधी दुखणं कुठं आहे ते बघू. आपल्या भागात खाली काळा खडक, वर काळी माती, आणि मातीत चुनखडीचे खडे. बोअरचं, विहिरीचं पाणी त्यातनं क्षार घेऊन येतं. जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच बायकांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवतात. तुमच्या गावातल्या ताईंना विचारा, आपल्या पाण्याचा जडपणा किती भरतो. पिण्याच्या पाण्याचं सरकारी मानक सांगतं की लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालेल. समजा तुमचा आकडा 400 आला आणि घरात रोज 100 लिटर गरम पाणी लागतं. म्हणजे दिवसाला 40 ग्रॅम क्षार कॉइलमधून जातात, महिन्याला सव्वा किलोच्या आसपास. सगळे चिकटत नाहीत, नाहीतर गिझर पंधरा दिवसांतच बंद पडला असता. पण पाणी जितकं कडक तापवाल तितका थर लवकर धरतो. म्हणून नॉब शेवटपर्यंत फिरवून कढत पाणी काढायचं आणि मग बादलीत गार मिसळायचं, ही सवय महागात पडते. अंगाला सोसेल तेवढंच तापवा.

आता पंपाकडं येण्याआधी एक फुकटचा उपाय. गिझरला गार पाणी जिथं शिरतं तिथं आत बारीक जाळी असते. पाणी बंद करायचं, नळी सोडायची, जाळी काढून जुन्या दातांच्या ब्रशनं घासायची. गॅस गिझर पाण्याच्या दाबानं पेटतो. जाळीत टाकीतला गाळ अडकला की दाब कमी पडतो आणि गिझर पेटत नाही. पुष्कळ ठिकाणी दुखणं एवढंच असतं. सेलही बदलून बघा. एवढं करूनही धार बारीक आणि पाणी कोमटच असेल, तर कॉइल भरली म्हणायची.

कॉइल धुवायची म्हणजे लिंबूसत्वाचं पाणी तिच्यातून तासभर फिरवत ठेवायचं. लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक अॅसिड, किराणा दुकानात मिळतं ते. कुकर आतनं काळा पडू नये म्हणून आपण लिंबाची फोड टाकतो, तांब्याचा बंब चिंचेनं घासतो, त्याच जातीतलं काम. पाच लिटर कोमट पाण्याला 200 ते 250 ग्रॅम पुरतं. उकळत्या पाण्यात करू नका, फायदा नाही. त्यातनं नवीनच पांढरा साका बसतो.

पंप निवडताना दुकानदार पहिल्यांदा टुल्लू दाखवतो. अर्धा एचपी, दोन-अडीच हजारांच्या पुढं. तो ह्या कामाला नकोच. पैशाचं सोडा, पण त्याच्या आतला लोखंडी भाग आंबट पाण्यानं खातो आणि दाब इतका असतो की नळी निसटली तर ते पाणी सरळ डोळ्यांत. आपल्याला दाब नको, नुसतं फिरतं पाणी पाहिजे. मिनिटाला चार-पाच लिटर फिरलं तरी भरपूर.

कूलरमध्ये असतो तो बुडवायचा छोटा पंप ह्याला बरोबर आहे. तीनशे-चारशेत मिळतो. अंग प्लास्टिकचं, त्यामुळं लिंबूसत्वाचा त्याला त्रास नाही. 18 वॉटचा असेल तर एका युनिटमध्ये पन्नास तासांहून जास्त चालतो. फक्त त्याच्यावर लिहिलेलं वाचून घ्या. ‘एच मॅक्स’ म्हणून एक आकडा असतो, म्हणजे पाणी किती उंच चढवतो. 1.85 मीटर लिहिलं असेल तर सहा फूट. आणि सहा फुटांवर तो पाणी टेकवतो फक्त, धार देत नाही. आपला गिझर भिंतीवर पाच फुटांवर. मग दुकानदार म्हणतो, मोठा पंप घ्या.

मोठा घेऊ नका, बादली वर घ्या. पक्क्या स्टुलावर किंवा टेबलावर बादली ठेवली की पंपाला दोन-अडीच फूटच चढवायचं राहतं. शिवाय परतीची नळी त्याच बादलीत, पाण्यात बुडवून सोडली, की एकदा नळी भरल्यावर ती खाली येताना पाणी ओढते, बॅरलमधून नळीनं रॉकेल काढायचो तसं. त्यामुळं छोटा पंपही काम करतो. ह्या एका गोष्टीत हजार-दीड हजार वाचतात.

ज्यांच्याकडं दिवसा लाईट नसते त्यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. फवारणीच्या बॅटरी पंपात असते ती 12 व्होल्टची मोटर कृषी सेवा केंद्रात सुटी मिळते. कूलरच्या पंपापेक्षा थोडी महाग, पण उंच चढवते आणि शॉकची भीती नाही. तिच्या तोंडाला जाळी मात्र लावा, सुटलेली खपली अडकली की ती बसते. पण एक गोष्ट दोनदा सांगते. घरातला वापरलेला फवारणी पंप ह्याला लावायचा नाही. कितीही धुतला तरी लावायचा नाही. त्यात औषध मारलेलं असतं आणि ह्याच पाण्यानं लहान लेकराला अंघोळ घालायची आहे.

कूलरच्या पंपाला विजेची भीती आहेच. तीन पिनांची, अर्थिंगची वायर असलेलाच घ्या आणि घरात अर्थिंग खरंच आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. गळती झाली की लाईट तोडणारा स्विच, आरसीसीबी, असेल तर उत्तम. पंप चालू असताना बादलीत हात घालायचा नाही. हात घालायचा असेल तर आधी पिन काढायची, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

करायचं कसं ते आता दाखवतेच, पण लिहूनही घ्या. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, गिझरचे सेल बाहेर. विजेचा गिझर असेल तर पिन बाहेर, आणि आंबट पाणी आत असताना तो चुकूनही चालू करायचा नाही. गार पाण्याचा कॉक बंद करून गरम पाण्याचा नळ सोडा, आतलं पाणी जाऊ द्या. दोन्ही नळ्या सोडा. पंपाची नळी गार पाण्याच्या तोंडाला, परतीची नळी गरम पाण्याच्या तोंडाला. एका बाजूला अर्धा इंची आटे आणि दुसऱ्या बाजूला नळी बसेल असे दोन जोड लागतात, क्लिपांसकट. आधी पाच मिनिटं साधं पाणी फिरवून गळती बघा, मगच लिंबूसत्व घाला. परतीच्या पाण्याला फेस येईल, बुडबुडे येतील, ते क्षार विरघळत असल्याची खूण. बुडबुडे थांबले तरी धार वाढली नसेल, तर लिंबूसत्व संपलंय, थर नाही. नवीन पाणी करा. शेवटी दोन बादल्या साधं पाणी आतून जाऊ द्या. गॅसची नळी आपण सोडलेलीच नाही, आणि सोडायचीही नाही. ते काम मेकॅनिकचं.

बाथरूम धुवायचं अॅसिड ओतलं तर दहा मिनिटांत साफ होतं, असं कुणीतरी सांगेल. होतं साफ, आणि पाठोपाठ तांबंही खातं. त्यात कुणी ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी वायू निघतो. ह्या वाटेला जाऊच नका. सोलरच्या टाकीलाही हा छोटा पंप पुरणार नाही, तो वेगळा विषय.

आणि गिझर कुठं बसवलाय ते सगळ्यात आधी बघा. बंद बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल तर कॉइल धुण्याच्या आधी तो बाहेर हलवा. हवा कमी पडली की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरतं आणि कडी काढायच्या आत ते खाली पडतं. गिझर बाहेर, मोकळ्या हवेत, नळी तेवढी आत. ज्योत निळी पाहिजे. पिवळी दिसायला लागली तर ते काजळीचं दुखणं आहे, लिंबूसत्वानं जात नाही. गिझर बंद ठेवा आणि माणूस बोलवा.

खर्चाचं बोलू. पंप, दोन नळ्या, जोड, क्लिपा, सगळं मिळून सात-आठशेत बसतं. प्रत्येकीनं घ्यायची गरज नाही, वर्षातनं दोनदा लागणारी वस्तू. माझं मत, ग्रामसंघानं एक संच घ्यावा, नेणारीनं वहीत सही करावी, वीस-तीस रुपये भाडं द्यावं आणि लिंबूसत्व आपलं आपण आणावं. परत देताना पंप साध्या पाण्यात चालवून, कोरडा करून द्यायचा. दोघी-तिघींचा हात बसला तर त्या दुसऱ्यांच्या घरी जाऊन हे काम करू शकतील. पालखीच्या मुक्कामाआधी तर मागणी असतेच, दारात वारकरी आले की गरम पाणी प्रत्येक घरात लागतं. गिझर वॉरंटीत असेल तर मात्र आधी कार्ड वाचा.

आता स्टुल आणि बादली घ्या पुढं. पहिल्यांदा साधं पाणी फिरवून बघू.