धूळ ओढणारं यंत्र बदलून घ्यावं का?

बोरी अरबच्या आमच्या गटाच्या दालमिलमधलं धूळ ओढणारं यंत्र कंपनीनं परत मागवलंय. मोटारीत ठिणगी पडू शकते, म्हणून बदलून देणार. पण तुरीचा हंगाम ऐन भरात; मिल थांबली की गिऱ्हाईक दारव्ह्याला जाणार. "इतके दिवस कुठं काय झालं?" असंही काहीजणी म्हणाल्या. खरं आहे. पण डाळीची बारीक पूड हवेत दाटली की एका ठिणगीनं भडकते, आणि या यंत्राच्या पोटात तर पूडच पूड! यंत्राविना भरडावं, तर तीच पूड छातीत जाते. पदर बांधून अडत नाही. म्हणून भरडणं थांबवलं, निवडणं आणि पॅकिंग तेवढं सुरू आहे.

यंत्र देऊ, पण आधी बिलाची झेरॉक्स आणि यंत्रावरचा नंबर जपून ठेवू, नवं कधी येणार ते लिहून घेऊ. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं केंद्रीय प्राधिकरण धोकादायक माल परत घ्यायला, पैसे द्यायलाही लावू शकतं. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर आहेच. नवं आलं की वायरमनकडून अर्थिंग तपासून घेऊ, मगच बटण दाबू.